पेटीबाहेरचा आवाज

घरी पहिल्यांदाच आलेला पाहुणा हॉलमध्ये बसतो, गाणं चालू असतं, आणि पाच-सात मिनिटांनी तो विचारतो, "स्पीकर कुठे बसवलेत?" त्याच्या समोरच दोन उभ्या, कापडाने मढवलेल्या फळ्या असतात. सुमारे चार फूट उंच, साडेचौदा इंच रुंद आणि जेमतेम इंचभर जाड. त्या त्याला पार्टिशनचे तुकडे वाटलेले असतात. तो उठून मागे जाऊन बघतो, तर मागेही तसंच कापड. पेटी नाही, काळा गोल कोन नाही, हवेसाठी भोक नाही. आणि मागे उभं राहिल्यावर आवाज जवळजवळ पुढच्याइतकाच मोठा! हा अनुभव मी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे, आणि त्यानंतर होणाऱ्या गप्पांतूनच हा लेख सुचला.

या जातीच्या स्पीकरना 'प्लॅनर' म्हणतात, म्हणजे सपाट पडद्याचे. ज्यांच्याकडे बरी स्टिरिओ सिस्टिम आहे आणि जे पुढच्या पायरीचा विचार करताहेत, त्यांना कधी ना कधी हे नाव ऐकू येतं. कुणीतरी सांगतं की एकदा पॅनेल ऐकलं की पेटी नकोशी होते. हे माझ्यापुरतं खरं ठरलं. पण ते खरं ठरायला दीड वर्ष लागलं, आणि त्यातला बराचसा काळ स्पीकर सोडून बाकीच्या गोष्टी बदलण्यात गेला. प्लॅनर स्पीकर घेणं म्हणजे खोली आणि अॅम्प्लिफायर नव्याने घेणं आहे. हे आधी कुणी समजावून सांगितलं असतं, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते.

आधी नेहमीचा स्पीकर कसा चालतो ते पाहू. १९२५ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी एक शोधनिबंध मांडला. चुंबकाच्या फटीत तारेचं एक छोटं वेटोळं, त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. वेटोळ्यातून गाण्याचा विद्युतप्रवाह सोडला की शंकू पुढे-मागे हलतो आणि हवा हलवतो. शंभर वर्षं झाली, आजही मोबाइलपासून नाट्यगृहापर्यंत बहुतेक सगळे स्पीकर याच तत्त्वावर चालतात. स्वस्त, दणकट, भरपूर आवाज देणारी ही रचना आहे. तिच्याविषयी मला आदरच आहे.

पण तिच्यात दोन अडचणी मुळातच आहेत. पहिली अशी, की जोर लागतो फक्त शंकूच्या गळ्याशी, जिथे वेटोळं चिकटवलेलं असतं. खर्जात सगळा शंकू एकसंध हलतो. वारंवारिता वाढू लागली की गळ्याशी दिलेला धक्का काठापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, काठावरून लाट परत फिरते, आणि शंकूचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशांना थरथरू लागतात. मग शंकू स्वतःचंच काहीतरी गुणगुणतो. दुसरी अडचण पेटीची. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. त्यांना मोकळं सोडलं तर खर्जाच्या लांब लाटा काठाला वळसा घालून एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून मागची लाट पेटीत कोंडायची. कोंडलेली लाट मात्र गप्प बसत नाही. ती फळ्यांना हलवते, आतल्या आत आपटते आणि शंकूच्या पातळ कागदातून थोड्या उशिराने बाहेर येते. पेटीतून आवाज येतोय असं जे जाणवतं, त्यात या उशिराचा वाटा मोठा आहे.

प्लॅनर स्पीकरच्या कर्त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. जोर पडद्याच्या सगळ्या पृष्ठभागावर सारखा लावायचा, आणि पेटी काढून टाकायची. या स्पीकरचे सगळे गुण आणि त्याची सगळी दुखणी याच दोन निर्णयांतून निघतात, एवढं मनात धरलं की पुढचं समजायला सोपं जातं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ हंटिंग्डन नावाचं गाव आहे. तिथे पीटर वॉकर यांची अॅकॉस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती; पुढे ती 'क्वाड' या नावाने ओळखली गेली. वॉकरनी १९५५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात स्थिरविद्युत स्पीकरवर लेखमाला लिहिली आणि १९५७ साली असा स्पीकर बाजारात आणला. पितळी रंगाची किंचित वाकलेली जाळी, खाली छोटे लाकडी पाय. पाहणाऱ्याला तो खोली उबदार ठेवणारा हीटर वाटायचा. मानवी आवाजाच्या पट्ट्यात इतकं नितळ काही घरगुती श्रोत्यांनी त्याआधी ऐकलं नव्हतं. १९८५पर्यंत तो बनत राहिला, आणि आजही त्याच्या जुन्या जोड्या दुरुस्त करून वापरणारी माणसं जगभर आहेत.

त्याची रचना अशी. पॉलिएस्टरचा अतिशय पातळ पडदा चौकटीत ताणून बसवायचा. त्यावर किंचित वीजवाहक लेप द्यायचा आणि काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार साठवायचा. पडद्याच्या पुढे आणि मागे, मध्ये अगदी थोडी फट ठेवून, भोकं असलेले दोन पत्रे उभे करायचे. गाण्याचा संकेत ट्रान्सफॉर्मरने वाढवून या पत्र्यांना द्यायचा. एक पत्रा पडद्याला ओढतो तेव्हा दुसरा ढकलतो. यात खरी चतुराई लेपात आहे. लेपाचा विद्युतरोध मुद्दाम फार मोठा ठेवतात, म्हणजे पडदा हलत असताना त्यावरचा भार इकडे-तिकडे पळत नाही. भार कायम राहिला की पडदा फटीत कुठेही असला तरी त्यावरचा जोर संकेताच्या प्रमाणातच राहतो, आणि आवाजाची विकृती फार कमी होते. हार्वर्ड विद्यापीठातले फ्रेडरिक हंट यांनी १९५४च्या आपल्या ग्रंथात हे गणित मांडलं होतं. वॉकरनी ते घरात आणून उभं केलं.

दुसरी वाट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात निघाली. जिम वायनी हे थ्रीएम कंपनीत अभियंता होते. स्थिरविद्युत स्पीकर ऐकून ते भारावले, पण ते हजारो व्होल्ट, तो ट्रान्सफॉर्मर, तो भिंतीतल्या प्लगवरचा परावलंबीपणा त्यांना नको होता. फ्रिजच्या दाराला असतात तसल्या लवचिक चुंबकपट्ट्या त्यांच्या ओळखीच्या होत्या. त्यांनी भोकं पाडलेल्या पत्र्यावर अशा पट्ट्या ओळीने लावल्या आणि समोर ताणलेल्या पातळ पडद्यावर तार नागमोडी चिकटवली. तारेतून गाण्याचा प्रवाह वाहिला की संपूर्ण पडदा हलतो. राइस-केलॉग यांचं वेटोळं जणू उलगडून, सपाट करून पडदाभर पसरलं. १९६९ साली वायनींनी मॅग्नेपॅन ही कंपनी काढली. तिचे सुरुवातीचे स्पीकर खरोखरच घडीच्या पार्टिशनसारखे होते, तीन-तीन फळ्या बिजागरीने जोडलेल्या. माझ्या पाहुण्यांचा गैरसमज अगदीच निराधार म्हणता येत नाही.

तिसरी जात रिबनची. इथे वेगळा पडदा नाहीच. अॅल्युमिनियमची पातळ फीत चुंबकांमध्ये लोंबते आणि तीच वाजते. मोठ्या मॅग्नेपॅन पॅनेलमध्ये वरच्या सुरांसाठी अशी फीत असते.

पडदा पातळ म्हणजे किती? स्थिरविद्युत पॅनेलमध्ये बारा मायक्रॉनच्या आसपासचा पडदा वापरला जातो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. पॉलिएस्टरच्या घनतेवरून हिशोब केला तर अशा एक चौरस मीटर पडद्याचं वजन १७ ग्रॅमच्याही आत येतं. आता हवेचं पाहा. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते. म्हणजे पडद्याला लगटून असलेला फक्त १४ मिलिमीटर जाडीचा हवेचा थर पडद्याच्याच वजनाचा! शेजारी साडेसहा इंची वूफर ठेवा. त्याचा हलणारा भाग साधारण बारा-पंधरा ग्रॅमचा असतो, पण क्षेत्रफळ जेमतेम १३५ चौरस सेंटिमीटर. चौरस मीटरच्या हिशोबात तो किलोच्या आसपास जातो. वायनींच्या जातीच्या, म्हणजे मॅग्नेटिक पॅनेलचा पडदा तारेमुळे जड होतो, पण तोही शंकूपेक्षा कितीतरी हलका.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'पडदा हलका म्हणून आवाज वेगवान' असं विक्रेते सांगतात. ते पुरतं खरं नाही. पेटीवाल्या स्पीकरचा चांगला ट्वीटरही वीस हजार हर्ट्झपर्यंत आरामात जातो. तेवढा वेग त्याला जमतो. फरक पडतो तो थांबण्यात. हलक्या पडद्यात ऊर्जा फार साठत नाही आणि भोवतालची हवाच त्याला आवरते. सगळीकडून सारखा ढकलल्यामुळे तो स्वतःचं गुणगुणणंही कमी करतो. सूर संपतो तिथे तो संपतो, आणि मागे राहिलेली बारीक आस ऐकू येऊ लागते.

आपल्या संगीतात याची परीक्षा घ्यायला तानपुऱ्यासारखं वाद्य नाही. घोडीच्या रुंद पृष्ठभागावर तार टेकते तिथे सुताचा बारीक धागा सरकवून जवारी लावतात, आणि एका तारेतून सुरांची अख्खी पालखी निघते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं होतं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर नियमाप्रमाणे उमटायलाच नको. तानपुऱ्यात मात्र तोही जोरकस ऐकू येतो. असे कितीतरी उपस्वर एकामागून एक उमलत आणि विरत जातात. साध्या सिस्टिमवर हे सगळं एक गुंजन होऊन बसतं. चांगल्या पॅनेलवर पहिल्यांदा तानपुरा ऐकला तेव्हा चारही तारा सुट्या ऐकू आल्या, आणि गायकाचा श्वास कुठे संपतो व सूर कुठून सुरू होतो ते कळलं. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत एखादा कारागीर जवारी काढत बसलेला असतो, धागा केसभर पुढे-मागे सरकवून ऐकत. त्याच्या कानाला जो फरक कळतो, तो घरातल्या खुर्चीत बसून ऐकू यावा, ही माझी या छंदाकडून अपेक्षा. ती पूर्ण करणारा माझ्या ऐकण्यातला पहिला स्पीकर हाच.

आता दुखणी.

पडदा मोठा असला की वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे जातात. दहा हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. वाजणारा पृष्ठभाग लाटेपेक्षा बराच रुंद असेल तर आवाज पसरत नाही, सरळ पुढे जातो. खुर्चीत नीट मधोमध बसलात तर गायक समोर उभा. मान वळवली की तो एका बाजूला सरकला, शेजारच्या खुर्चीत तर नाहीसाच झाला. या एका प्रश्नाला गेल्या साठ-सत्तर वर्षांत वेगवेगळ्या अभियंत्यांनी दिलेली उत्तरं मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतात. वॉकरनी पहिल्या स्पीकरमध्ये मधोमध अरुंद उभी पट्टी फक्त वरच्या सुरांना दिली आणि खर्ज दोन्ही बाजूंच्या पॅनेलना. कॅन्ससमधल्या मार्टिन लोगन कंपनीने पडदाच कमानीसारखा वाकवला, म्हणजे झोत आपोआप पसरतो. मॅग्नेपॅनने अगदी अरुंद फीत एका कडेला उभी केली. आणि वॉकरनी दुसऱ्या प्रयत्नात जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी पडदा सपाटच ठेवला, पण पुढच्या-मागच्या पत्र्यांवर एकात एक वर्तुळं आखली. संकेत आधी मधल्या वर्तुळाला मिळतो, मग क्षणाच्या अगदी छोट्या अंशाने पुढच्या, मग त्यापुढच्या. तळ्यात खडा टाकल्यावर वलयं पसरावीत तशी. त्यामुळे सपाट पडद्यातून निघणारी लाट जणू त्याच्या फूटभर मागे असलेल्या एका बिंदूतून उमटल्यासारखी गोलाकार येते. १९६३ साली यावर काम सुरू झालं म्हणून स्पीकरचं नाव ईएसएल-६३, आणि तो बाजारात आला १९८१ साली. अठरा वर्षं एका स्पीकरला देणारा माणूस आणि त्याला ती देऊ देणारी कंपनी, दोन्ही दुर्मीळच.

दुसरं दुखणं खर्जाचं. पेटी नाही, म्हणजे पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटायला मोकळ्या. पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर. माझ्या फळीची रुंदी सदतीस सेंटिमीटर. लाट सहज वळसा घालून मागच्या लाटेला मिळते आणि दोन्ही विरतात. म्हणून लहान पॅनेल खाली पन्नास हर्ट्झच्या आसपास थकतं. आता हे किती मनावर घ्यायचं, हे तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यावरचा खर्जाचा षड्ज साधारण ६९ हर्ट्झचा. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग, सतार, सरोद, बासरी हे सगळं यात बसतं. डग्ग्याची मींड ऐकू येते, फक्त छातीवर येत नाही. चर्चमधला पाइप ऑर्गन, आजचं सिनेसंगीत किंवा स्फोटांचे चित्रपट ऐकायचे असतील तर वेगळा सबवूफर लागेलच. तो बंद पेटीचा घ्यावा, आवाज अगदी कमी ठेवावा, आणि तो चालू आहे हे कळू लागलं की आणखी थोडा कमी करावा.

सर्वांत मोठा प्रश्न जागेचा. मागे जाणारी लाट भिंतीवर आपटून परत येते. फळी भिंतीपासून एक फुटावर असेल तर ही लाट पावणेदोन मिलिसेकंदांत परत येते आणि कानाला ती वेगळी ओळखता येत नाही. ती मूळ आवाजात मिसळून त्याला गढूळ करते. एक मीटरवर ठेवली की उशीर जवळजवळ सहा मिलिसेकंदांचा होतो. एवढ्या उशिरा आलेल्या लाटेला कान खोलीचा पडसाद म्हणून बाजूला काढतो, आणि गायकाच्या मागे जागा असल्याचा भास होतो. बिनपेटीच्या स्पीकरवर वर्षानुवर्षं काम केलेले सीगफ्रीड लिंकविट्झ हाच एक मीटरचा, सहा मिलिसेकंदांचा दंडक सांगत. माझा अनुभव त्याला पुष्टी देतो. भिंतीला टेकवलेलं पॅनेल हे पैसे वाया घालवण्याचं खात्रीचं साधन आहे. आणि नेमकं तेच आपल्या घरांत होतं, कारण एक मीटर पुढे म्हणजे हॉलच्या मधोमध, येण्याजाण्याच्या वाटेवर.

इथे एक सोय आहे, आणि ती फार थोडे जण वापरतात. लहान मॅग्नेटिक पॅनेल हलकी असतात. मी फरशीवर चिकटपट्टीच्या चार बारीक खुणा केल्या आहेत. ऐकायला बसताना फळ्या खुणांवर आणायच्या, उठताना भिंतीशी न्यायच्या. दोन मिनिटांचं काम. तंबोरा गवसणीतून काढून लावण्यासारखंच ते, आणि रात्री ऐकायला बसण्याचा तो भागच झाला आहे.

एक गोष्ट मात्र या स्पीकरच्या बाजूची आहे. पुढची आणि मागची लाट उलट असल्यामुळे फळीच्या कडेच्या रेषेत दोन्ही एकमेकींना पुसतात. बाजूच्या भिंतींवर आवाज फारच कमी जातो. अरुंद हॉलमध्ये, जिथे एका बाजूला खिडकीची काच आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट असतं, तिथे पेटीवाले स्पीकर जो गोंधळ घालतात तो इथे होत नाही. उंच पॅनेल छताकडे आणि फरशीकडेही कमीच आवाज टाकतं. खोली अरुंद असली तरी चालेल, लांब मात्र हवी. फळ्या लांबीच्या एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या टोकाच्या थोडं अलीकडे, आणि तुमच्या मागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच. फळ्या थोड्या आतल्या बाजूला वळवून पाहाव्यात. मॅग्नेपॅनच्या डाव्या-उजव्या फळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. वरच्या सुरांची कड आत ठेवायची की बाहेर, हे दोन्ही तऱ्हांनी आठवडाभर ऐकून ठरवावं.

आता अॅम्प्लिफायर. मी इथेच चुकलो. लहान मॅग्नेपॅनच्या माहितीपत्रकात संवेदनक्षमता ८६ डेसिबल लिहिलेली असते, आणि ती वाचून मला वाटलं, माझ्या जुन्या स्पीकरपेक्षा जेमतेम दोन डेसिबल कमी. पण तो आकडा २.८३ व्होल्टचा आहे. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट. चार ओहमच्या स्पीकरला मात्र तेच दोन वॅट होतात. म्हणजे एका वॅटला खरा आकडा ८३. ८३ डेसिबलला एक वॅट, तर ९३ला दहा आणि १०३ला शंभर. गाण्यात सरासरी आवाज वॅटभरातच असतो, पण तबलजीची थाप किंवा तारसप्तकातली पुकार क्षणभर शंभर वॅट मागते. शिवाय तेवढ्याच व्होल्टला चार ओहमचा स्पीकर आठ ओहमच्या दुप्पट प्रवाह ओढतो. माझ्या चित्रपटांसाठी घेतलेल्या जुन्या रिसीव्हरने मध्य लयीपर्यंत साथ दिली, द्रुत एकतालात तो तापला आणि झाल्याच्या ऐन भरात बंद पडला. दोष रिसीव्हरचा नव्हता. त्याच्याकडून चार ओहमचं ओझं वाहून घ्यायला नको होतं.

तेव्हा चार ओहमला शंभर वॅटच्या वर, स्पष्ट लिहिलेली क्षमता असलेला अॅम्प्लिफायर हवा. पूर्वी असा म्हणजे तीस किलोचा, तापणारा, महागडा लोखंडी ठोकळा. आता क्लास डी प्रकारचे चांगले अॅम्प्लिफायर हलके, थंड आणि आवाक्यातल्या किमतीचे मिळतात, आणि मॅग्नेटिक पॅनेलचं ओझं बहुतांशी सरळ विद्युतरोधाचं असल्यामुळे ते त्यांना छान झेपतं. स्थिरविद्युत पॅनेलचं तसं नाही. ते विद्युतदृष्ट्या संधारित्र आहे. वरच्या सुरांत त्याचा रोध घसरत एक-दोन ओहमपर्यंत येतो. तिथे अॅम्प्लिफायर स्पीकरसोबतच ऐकून घ्यावा, कागदावरच्या आकड्यांवर जाऊ नये. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबन स्पीकर एक ओहमपर्यंत जाणारा होता. त्याने भलेभले अॅम्प्लिफायर जेरीस आणले. तारांवर मात्र मोठा खर्च करू नका. पुरेशा जाडीची तांब्याची तार हे काम करते, आणि उरलेले पैसे अॅम्प्लिफायरला द्या.

हवामानाचंही पाहायला हवं. स्थिरविद्युत पडद्यावरचा भार दमट हवेत गळतो. पावसाळ्यात मुंबई, रत्नागिरी, पणजीत अशा पॅनेलचा आवाज दबतो, कधी आतून चर्र असा आवाज येतो. शिवाय विद्युतभार धूळ ओढून घेतो. खोली कोरडी ठेवण्याची तयारी असेल तरच किनारपट्टीवर तो नाद करावा. नाहीतर मॅग्नेटिक पॅनेल बरं. त्याला भिंतीतली वीज लागत नाही आणि दमटपणाचं फारसं वावडं नाही. जुनी जोडी घेत असाल तर वेगळी काळजी घ्या. जुन्या मॅग्नेटिक पॅनेलमध्ये गोंद सुटून तार पडद्यापासून वेगळी होते. काही सुरांवर पतंगाच्या कागदासारखी फडफड ऐकू आली तर समजा की तेच. ते दुरुस्त होतं, पण चिकाटीचं काम आहे, आणि किंमत त्या हिशोबाने ठरवावी. जुन्या स्थिरविद्युत जोडीत पडद्यावरचा लेप आणि उच्च दाबाचा भाग तपासून घ्यावा. त्या भागाचं झाकण घरी उघडू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहतात.

ज्यांच्या घरात एक मीटर सोडणं शक्यच नाही, त्यांनी याच तत्त्वाचा हेडफोन घ्यावा. जपानच्या यामाहाने १९७६ सालीच सपाट पडद्याचा हेडफोन काढला होता, आणि आज असे हेडफोन स्पीकरच्या मानाने अगदी थोड्या पैशांत मिळतात. तिथे खोली नाही, मागची भिंत नाही. गायक समोर बसल्याचा भास त्यात होत नाही, डोक्यातच होतो. पण जवारी ऐकू येते.

आणि ज्यांना फळ्याच घ्यायच्या आहेत, त्यांना एक विनंती. खरेदीआधी किराणा दुकानातून मोठे पुठ्ठे आणा. चार फूट उंच आणि सव्वा फूट रुंद असे दोन तुकडे कापून, मागे टेकू देऊन, भिंतीपासून एक मीटरवर उभे करा, आणि आठवडाभर तसेच राहू द्या. त्यांच्यामधून मुलं पळतील, सकाळी केर काढला जाईल, रात्री पाहुणे येतील. आठवड्याच्या शेवटी पुठ्ठे अजून जागेवर असतील आणि घरातल्या कुणाला त्यांचा जाच झाला नसेल, तर आधी चार ओहमचा अॅम्प्लिफायर शोधायला लागा. फळ्या त्यानंतर आणा.